ओ देणारे अण्णा

अण्णांना दुसऱ्यांदा हाक मारावी लागली, असं मी एकदाच पाहिलं. एरवी हाक तोंडातून पुरती बाहेर पडायच्या आत त्यांची ओ यायची. "ओऽ" अशी, शेवटी जराशी वर चढणारी. हाक त्यांनाच मारलेली असली पाहिजे असंही नव्हतं. सदर बाजारातून आम्ही चाललेलो असायचो आणि रस्त्यापलीकडून कुणीतरी कुणाला तरी "भैया!" म्हणून ओरडायचं. अण्णा थांबून, वळून, "हां जी?" म्हणायचे. तो माणूस ओशाळायचा, अण्णा हात हलवायचे आणि आम्ही पुढे निघायचो.

"अहो, तुम्हाला नव्हती ती हाक," मी म्हणायची.

"नसेल. पण ज्याला होती त्यानं ओ दिली का? नाही ना? मग ती तशीच लोंबकळत राहिली असती."

आयुष्यभर ते रेल्वेत होते, झाशी स्टेशनच्या चौकशी खिडकीत. लोक काय विचारत, यापेक्षा कसे विचारत हेच त्यांना जास्त आठवायचं. कुणी गाडीची वेळ विचारायला यायचं आणि खिडकीतून हात आत घालून त्यांच्या टेबलावरचं पाणी पिऊन जायचं. "गाडी कधी येणार हे मला पुष्कळदा माहीत नसायचं," ते सांगायचे, "पण 'माहीत नाही, विचारून सांगतो' एवढं म्हणायला तरी खिडकीत माणूस लागतोच. रिकाम्या खिडकीसमोर उभं राहिलेल्या माणसाचा चेहरा तू पाहिलेला नाहीस, चिटणीसबाई."

चिटणीसबाई म्हणजे मी. झाशीतल्या आमच्या महाराष्ट्र मंडळाची चिटणीस. अण्णा मला लहानपणापासून ओळखत, म्हणून एकेरीत बोलत. पण मी मंडळाच्या कामाची यादी पर्समधून काढली की मुद्दाम हे नाव घेत. मी याद्या करते. करायच्या कामांची, केलेल्या कामांची, आणि कुणाला आठवण करून द्यायची त्यांची वेगळी. नोकरी, घर आणि मंडळ एकाच दिवसात बसवायचं तर दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही. अण्णांकडे यादी नावाची गोष्टच नव्हती. जो हाक मारेल त्याचं काम पहिलं.

झाशीच्या नगरा वस्तीतल्या त्यांच्या घरी एकदा चुकीचा फोन आला. पलीकडच्या माणसाला तंबूवाला हवा होता, मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. दुसरा कुणी 'रॉंग नंबर' म्हणून मोकळा झाला असता. अण्णांनी त्याला थांबायला सांगितलं, शेजारी जाऊन तंबूवाल्याचा नंबर आणला, वर कोणता तंबूवाला खुर्च्या फाटक्या देतो तेही सांगितलं. त्या लग्नाला अण्णांना आग्रहाचं आमंत्रण होतं, आणि ते गेलेही. आहेर घेऊन. पहिल्या पंगतीत बसून जेवले. मुलीकडचे की मुलाकडचे, असं कुणीतरी विचारल्यावर म्हणाले, "फोन की तरफ़ से."

तर अशा माणसाकडे मंडळाचं वाचनालय होतं. सदर बाजारातल्या दुकानांच्या मागे, अंगणाच्या टोकाला एक मोठी खोली. समोर चहाची टपरी. खोलीत कपाटं, आणि प्रत्येक कपाटाला ते ज्यांच्या घरून आलं त्यांचं नाव. वैद्यांचं कपाट, मास्तरांचं कपाट, एक नुसतंच आत्यांचं कपाट. खिडकीशेजारचं ते लष्कराचं. बबिन्याला किंवा झाशीच्या छावणीत साताऱ्या-सांगलीकडची कुटुंबं बदलीवर येतात, दोनतीन वर्षं राहतात, आणि जाताना सामान कमी करायचं म्हणून पुस्तकं आम्हाला देऊन जातात. कोणतं पुस्तक कुठल्या कपाटात, याची नोंद फक्त अण्णांच्या डोक्यात होती. विचारणारा नाव अर्धं सांगे, तोवर अण्णांचा हात कपाटात गेलेला असे.

कार्डाचीही आमची एक पद्धत होती. कार्ड माणसाला नाही, घराला. घरातल्या कुणीही यावं, पुस्तक न्यावं. लष्कराच्या बाबतीत ते त्याहून पुढे गेलं होतं. तिथे कार्ड क्वार्टरला. बदली झाली की जाणारी बाई येणारीला गॅसची शेगडी कशी पेटते ते दाखवते, दूधवाल्याची ओळख करून देते, आणि आमचं कार्डही देते. सोबत बऱ्याचदा अर्धं वाचलेलं पुस्तक. कार्डावर कुटुंबाचं नाव कधीच नसायचं, नुसता क्वार्टरचा नंबर. बाहेरच्या कुणाला हे सांगितलं की तो हसतो. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

मग अण्णांना काचबिंदू झाला. ऑपरेशन झालं, थेंब चालू झाले, पण कडेचं दिसेनासं झालं ते झालंच. इंदूरच्या लेकीनं त्यांना दिवाळीच्या आत कायमचं घेऊन जायचं ठरवलं. ते त्यांनी फारसा वाद न घालता मान्य केलं. वाद मंडळाच्या सभेत झाला.

आमचे अध्यक्ष निवृत्त वकील. मनानं वाईट नाहीत, पण कुठल्याही गोष्टीला विरोध करायचा असला की सुरुवात "पाहा, मी विरोधात नाहीये" अशी करतात.

"पाहा, मी विरोधात नाहीये," ते म्हणाले. "पण अण्णा गेले की यहाँ कौन बताएगा कौन सी किताब कहाँ है? अण्णांची फोटोकॉपी आहे का तुमच्याकडे? नाही ना? मग कोचिंगवाले खोली मागताहेत, त्यांना देऊ. पुस्तकं एखाद्या कॉलेजला देऊ. जागा तरी वापरात राहील."

ते चुकीचं बोलत नव्हते. शेवटी मी सुचवलं की सगळं कॉम्प्युटरवर घ्यावं. ठरलं असं: दिवाळीआधीच्या एका रविवारी समिती येऊन बसेल. अण्णांनी आत पाऊल टाकायचं नाही. त्यांच्याशिवाय वाचनालय चाललं तर खोली राहील. नाही चाललं तर कोचिंग.

"मान्य," अण्णा म्हणाले. "पण माझ्या खुर्चीत कोण बसणार, ते मी बघून ठरवणार."

मी कामाला लागले. वाचनालयांसाठीची सॉफ्टवेअर कोणकोणती मिळतात, किंमत काय, देवनागरी चालतं का, आमच्याकडे होता त्या जुन्या कॉम्प्युटरवर बसेल का, असे रकाने पाडून तक्ता केला. छाटून तीन उरली. अण्णांना त्यांची इंग्रजी नावं आवडली नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःची ठेवली. पहिलं एका कंपनीचं, विकतचं, ते बँडबाजा. उरलेली दोन्ही मुक्त, म्हणजे कुणा एकाच्या मालकीची नाहीत. कुणीही घ्यावीत, उघडून बघावीत, आपल्याला हवी तशी बदलावीत, पैसे नाहीत. त्यातलं एक लहानसं, साधं, ती शेळी. दुसरं मोठमोठ्या विद्यापीठांत चालतं, ते हत्ती. माझा कल शेळीकडे होता. आमच्या अंगणात तीच मावणारी.

अण्णांनी तक्ता डोळ्यांजवळ नेला, दूर नेला, आणि खाली ठेवला.

"एक रकाना राहिला."

"कोणता?"

"हाक मारली तर ओ कोण देणार?"

बँडबाजाचा माणूस ग्वाल्हेरहून आला. चुणचुणीत होता, पडद्यावर सगळं चकाचक दाखवत होता. अण्णा लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बेटा, अंदर जाना तो तुमने बढ़िया दिखाया. अब बाहर आना दिखाओ."

"मतलब सर?"

"मतलब, कल को हमारी-तुम्हारी नहीं बनी, तो ये सब जो हम भरेंगे, वो लेकर हम निकलेंगे कैसे?"

"सर, निकलना ही क्यों है?"

"रेलवे में रहा हूँ. जिस स्टेशन पर सिर्फ़ आने का दरवाज़ा हो, वहाँ सवारी को उतरने नहीं देता था."

तो बिचारा हसला, निरोप घेऊन गेला. अध्यक्षांना तो पसंत होता. मलाही अगदीच नापसंत नव्हता. पण आमच्या नोंदी आमच्याच राहतील का, या प्रश्नाला त्यानं नंतर फोनवरही सरळ उत्तर दिलं नाही, आणि ते माझ्या तक्त्यात बसेना.

आता मुक्त सॉफ्टवेअरची अडचण अशी, की ते मोफत मिळतं, पण अडलं तर जाऊन भांडायला दुकान नसतं. विचारायचं ते त्यांच्या मंचावर. तिथे जगभरातले वापरणारे एकमेकांना प्रश्न टाकतात, ज्याला येतं तो उत्तर देतो. मी मंचांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. अण्णांनी दुसरं काही पाहिलंच नाही. पडद्यावरची अक्षरं सुपारीएवढी मोठी करून, नाक काचेला लावून ते दोन्ही मंच वाचत बसायचे, लोक वर्तमानपत्र वाचतात तसे. सॉफ्टवेअर काय करतं यात त्यांना रस नव्हता. नवख्या माणसानं वेडगळ प्रश्न विचारला तर इथली मंडळी त्याच्याशी कशी बोलतात, हे ते बघत होते.

"इथे एक बाई आहे," ते हत्तीच्या मंचाबद्दल सांगायचे. "कुठल्या देशातली कोण जाणे. आपल्या दुपारी येते. कुणी कितीही बावळटासारखं विचारलं तरी हसत नाही. आणि हा दुसरा, हा खेकसतो. पण उत्तर बरोबर देतो. असतात असे. आमच्या खिडकीतही होता."

मग एका दुपारी मी ऑफिसातून आले तर ते अस्वस्थ. चहा तसाच. शेळीच्या मंचावरचा अगदी शेवटचा प्रश्न त्यांना सापडला होता. नेपाळमधल्या कुठल्याशा डोंगरी गावच्या शाळामास्तरांचा. वीज गेली, परत आली, तेव्हापासून वाचनालयाचं सॉफ्टवेअर उघडत नाही, मुलांची सगळी पुस्तकं त्यात आहेत, काय करू? खाली उत्तर नाही. त्यानंतर मंचावर कुणी फिरकलेलंच नाही. या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली होती.

"दोन वर्षं माणूस खिडकीत उभा आहे," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तो कधीच निघून गेला असेल."

"गेला असेल तर तसं सांगेल. पण ओ तर द्यायला हवी."

"तुम्हाला उत्तर येतं का?"

"नाही. विचारून सांगतो."

त्या दिवशी माझ्या यादीत अण्णांसाठी पाच कामं होती. एकही झालं नाही. पुढचा आठवडाभर हा माणूस, ज्याला पडद्याचा मधला तुकडाच तेवढा दिसत होता, मंचावरच्या जुन्या गप्पा उकरत बसला. शेळी आमच्या कॉम्प्युटरवर चाचणीपुरती बसवलेली होतीच. नेमकं काय बिघडतं ते कळावं म्हणून अण्णांनी, ती चालू असताना, भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला. तो खटका फक्त आमचा नव्हता. पुढच्या साडीच्या दुकानात गिऱ्हाईक असताना अंधार झाला, टपरीवरचा रेडिओ बंद पडला, आणि दुकानदार "अरे कौन है रे!" करत अंगणात धावत आला.

"ओऽ!" अण्णा आतून म्हणाले.

दुकानदार त्यांना काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण शेळी खरोखरच बंद पडली होती, अगदी नेपाळमध्ये पडली तशी, आणि तीन दिवसांनी अण्णांनी ती उठवली. मग मंचावर हिंदीत उत्तर लिहिलं. मी टंकलं, ते सांगत गेले. सुरुवात होती: "महोदय, आपका प्रश्न आज ही देखने में आया. विलंब के लिए खेद है."

मला हसू आवरेना. त्यांनी रागानं पाहिलं, म्हणजे माझ्या उजव्या खांद्याच्या जरा पलीकडे पाहिलं.

मास्तरांचं उत्तर आलं. हिंदीतच, मधूनमधून नेपाळी. अण्णांना 'दाजु' म्हटलं होतं, म्हणजे थोरला भाऊ. त्यांच्या पुस्तकांच्या नोंदी तेव्हाच गेल्या, सगळं पुन्हा भरावं लागलं, आणि भरताना ते हत्तीवर गेले. आता त्यांच्या भागातल्या बऱ्याच शाळांत हत्तीच आहे. पण दाजु, इतक्या दिवसांनी कुणीतरी उत्तर दिलं हे शाळेत सगळ्यांना वाचून दाखवलं. तुम्हाला काही मदत हवी का?

अण्णांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "शेळी बाद."

मला राग आला. सगळ्या रकान्यांत ती पहिली होती. "इतकं शिकलात तिचं, आणि आता बाद?"

"म्हणून तर. तिच्या मंचावर आज ओ देणारा एकच माणूस आहे, आणि तो मी. मी निघालो इंदूरला. उद्या तू हाक मारशील तेव्हा तिथे कोण?"

"आणि हत्ती कोण पोसणार? तो मोफत मिळेल, माहूत कुठून आणायचा?"

"माहुताचं बघू. हत्तीला माहूत पुष्कळ असतात."

हत्तीच्या मंचावर अण्णांनी पहिला प्रश्न टाकला, तो आमच्या घराच्या कार्डाचा. सॉफ्टवेअरला सभासद म्हणजे एक माणूस हवा होता, त्याचं नाव हवं, जन्मतारीख हवी. क्वार्टरची जन्मतारीख कुठून आणायची? अण्णांनी जो प्रश्न लिहिला त्यात आधी मंडळाचा इतिहास, मग झाशीत मराठी माणसं कशी आली ते, मग लष्कराच्या बदल्या, आणि शेवटच्या परिच्छेदात विनंती. कुणी उत्तर दिलं नाही. ती कुणालाही न हसणारी बाईसुद्धा गप्प. अण्णांचा जीव खालीवर.

नेपाळच्या मास्तरांनी सांभाळून सांगितलं: दाजु, तीनच ओळी लिहा. तुमच्याकडे कोणती आवृत्ती आहे. तुम्ही काय केलं. काय झालं.

"म्हणजे नमस्कारसुद्धा नाही?" अण्णा दुखावले. पण दुसऱ्या दिवशी तीन ओळी लिहिल्या आणि दुपारी त्या बाईची ओ आली. घराला माणूस करू नका, संस्था करा. संस्थेला जन्मतारीख लागत नाही. राहणारी माणसं तिच्याखाली जोडा, बदलली की काढा, नवी जोडा. संस्था तिथेच राहील.

"बघ," अण्णा म्हणाले, "आपण इतकी वर्षं करतोय ते त्यांनाही माहीत होतं."

तेव्हापासून त्या तीन ओळी त्यांच्या तोंडी बसल्या. माझा गुडघा दुखतो म्हटलं की विचारायचे, "कोणती आवृत्ती? काय केलंस? काय झालं?" भाजीवाल्यालाही सोडलं नाही.

माहूतही त्यांनीच निवडला. ग्वाल्हेरमध्ये दोन तरुण काही कॉलेजांचे हत्ती सांभाळतात, वर्षाचे ठरावीक पैसे घेतात, असं कळलं. त्यांना अण्णांनी मुद्दाम भर दुपारी, जेवणानंतर फोन केला आणि एक अडचणीचा प्रश्न घातला. पलीकडचा म्हणाला, "सर, ये तो मुझे नहीं पता. देखकर शाम को बताता हूँ." आणि संध्याकाळी खरंच फोन आला. अण्णांनी तिथल्या तिथे काम दिलं. मी म्हटलं, अजून एकदोघांना विचारू, तुलना करू. ते म्हणाले, "चिटणीसबाई, 'माहीत नाही' म्हणून मग माहीत करून घेणारा माणूस खिडकीत मिळाला की रांग सोडायची नसते."

उन्हाळाभर आम्ही नोंदी केल्या. अण्णा पुस्तक हातात घेत, पाठीवर बोट फिरवत आणि नाव सांगत. मी भरत असे. कधी थांबून सांगत, हे कुणी दिलं, कुणी सर्वात जास्त नेलं, कुणी रडत परत आणलं. त्यासाठी हत्तीत रकाना नव्हता. मी म्हटलं, टिपेची जागा आहे, तिथे टाकू. "नको," ते म्हणाले. "थोडं माझ्याबरोबर येऊ दे इंदूरला."

तो रविवार आला. समितीची मंडळी भिंतीशी खुर्च्या टाकून बसली. मी अण्णांच्या खुर्चीत. अण्णा अंगणापलीकडे टपरीच्या बाकावर, आमच्याकडे पाठ करून. दार उघडं होतं, त्यांचा पांढरा सदरा मला दिसत होता.

सुरुवात चांगली झाली. अध्यक्षांनी स्वतः दोन पुस्तकं विचारली, दोन्ही सापडली. एक आजोबा आले, त्यांचं झालं. मग बबिन्याहून एक तरुण बाई ऑटोनं आली. नवी होती, गेल्या महिन्यातच बदलीवर आलेली, सांगलीकडची. हातात क्वार्टरचं कार्ड आणि एक पुस्तक.

"आधीच्या वहिनींनी हे माझ्याकडे ठेवलं होतं," ती म्हणाली. "याचा दुसरा भाग हवाय. त्यांनी बजावलंय, शेवटी काय होतं ते फोन करून सांग म्हणून. त्या तिकडे जैसलमेरला, तिथे मिळत नाही."

दुसरा भाग लष्कराच्या कपाटात होता. सापडला. पण कार्डाचा नंबर घातल्यावर पडद्यावर लाल पट्टी आली. सभासदाची मुदत संपली. पुस्तक देता येत नाही.

मी पुन्हा घातला. पुन्हा लाल. त्या दिवसासाठी मी काय काय अडेल याची यादी केलेली होती, त्यात हे नव्हतं. मागे खुर्ची करकरली. विचार करायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं.

"अण्णा!"

बाहेर काही हललं नाही.

मला वाटलं, रस्त्याच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. मोठ्यानं हाक मारली. "अहो अण्णा!"

टपरीवाल्यानं माझी हाक ऐकली आणि तो बुंदेलीत त्यांना म्हणाला, "काए अन्नाजी, बैनजी टेर रईं. सुनात नइयां का?"

पांढरा सदरा तसाच. त्यांनी कप उचलून ओठांशी नेलेला दिसला, एवढंच.

"पाहा, मी विरोधात नाहीये," मागून अध्यक्ष म्हणाले, "पण..."

ती बबिन्याची मुलगी ओशाळून उभी. "राहू दे ना ताई, मी पुन्हा येईन."

मी म्हटलं, "थांबा." दुसरं काही सुचेना म्हणून मंच उघडला आणि प्रश्न लिहायला लागले. पहिली ओळ, आमची आवृत्ती. दुसरी ओळ, मी काय केलं. क्वार्टरच्या कार्डावर पुस्तक द्यायला गेले, हे कार्ड मी उन्हाळ्यात नोंदवलं, नोंदवताना... आणि तिथेच हात थांबला. ही नोंद अगदी सुरुवातीची, करून बघायला म्हणून घातलेली, मंचावरच्या त्या बाईचं उत्तर यायच्या आधीची होती. तेव्हा आम्ही क्वार्टरला माणूस म्हणूनच घातलं होतं, आधीच्या वहिनींच्या नावानं, त्यांच्या बदलीच्या तारखेपर्यंत. वहिनी गेल्या, मुदत संपली. हत्तीचं काहीच चुकलं नव्हतं.

क्वार्टरला संस्था केलं. तिच्याखाली या मुलीचं नाव जोडलं. लाल पट्टी गेली.

पुस्तक घेऊन ती निघाली, तेव्हा अध्यक्ष उठले, पडद्यापाशी आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. कोचिंगवालों को मना कर देता हूँ." एवढं बोलून ते घरी गेले. बाकीचेही उठले.

मी मात्र लिहिलेला प्रश्न पुसला नाही. तिसरी ओळ पूर्ण केली, खाली उत्तर लिहिलं आणि मंचावर टाकला. उद्या आणखी कुणाचं क्वार्टर अडेल.

मग अंगण ओलांडून टपरीवर गेले. अण्णांच्या हातातल्या चहावर साय धरली होती.

"ऐकू नाही आलं?"

"आलं. दोन्ही वेळा."

"मग?"

कप बाकावर ठेवताना तो बाकाच्या कडेवर आपटला आणि थोडा सांडला. "अगदी जिभेवर आली होती गं," ते म्हणाले. "चहाचा कप तोंडाला लावला, म्हणून आत राहिली." आणि मग, "मी ओ दिली असती तर तू उठून बाहेर आली असतीस. मग खिडकी रिकामी."

टपरीवाल्यानं न विचारता दोन नवे चहा पुढे ठेवले.

दिवाळीच्या आधी लेक येऊन त्यांना घेऊन गेली. त्यांच्या नावाचं कपाट करावं असं कुणीतरी सुचवलं, पण अण्णांकडे स्वतःची पुस्तकं जवळजवळ नव्हतीच. नगऱ्याच्या घरात टेलिफोन तेवढा निघाला. त्यांनी तो नेला.

वाचनालय चालू आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी मी बसते, उरलेल्या संध्याकाळी दोघी जणी वाटून घेतात. हत्ती वर्षातून दोनतीनदा रुसतो, ग्वाल्हेरचे तरुण त्याला समजावतात. आणि मंचावर मी रोज एकदा डोकावते. ते आता माझ्या रोजच्या यादीत आहे, दुधाच्या बिलाच्या खाली.

मागच्या आठवड्यात ऑफिसात असताना झाशी जिल्ह्यातल्याच टहरौलीहून फोन आला. तिथल्या एका शाळेतल्या बाई. शाळेला पुस्तकं मिळाली आहेत, वाचनालय सुरू करायचं आहे, सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, शेतीच्या हंगामात मुलं येत नाहीत तेव्हा कार्डांचं काय करावं, वीज तर कधीही जाते. "किसी ने बताया था मैडम, कि आप जवाब दे देती हैं."

माझ्या त्या दिवसाच्या यादीत जागा नव्हती. मी म्हटलं, "सब तो मुझे भी नहीं पता. पूछकर शाम को बताती हूँ."

आणि इंदूरला फोन लावला. पहिली घंटा पुरती वाजलीही नाही.

"ओऽ!"

"अण्णा, टहरौलीहून हाक आली आहे. एका शाळेची. वीज जाते, मुलं..."

"मग तू इथे काय करतेस? तिकडे खिडकी रिकामी," अण्णा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.